नानांची गाडी आणि माझा पाईप

चहाचा कप आधी खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! माझ्या हातून गोंधळ पुष्कळ झाले, पण या पाईपच्या गोंधळाला तोड नाही.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. जळगावात माझं शेतीच्या पाईपांचं दुकान. केळीच्या बागांना पाणी नेतात ना, ते पाईप. आणि दुकानामागे, ताडपत्रीखाली, एक लाल विलायती स्पोर्ट्स कार! दचकू नका, ती माझ्या नानांची.

नाना म्हणजे माझे काका. अमळनेरच्या एका तेलगिरणीच्या मालकांकडे ड्रायव्हर होते. मालक गाव सोडताना गाडी त्यांनाच देऊन गेले. दोनच माणसं बसायची तिच्यात, पण आवाज! नाना अॅक्सिलेटर दाबायचे आणि बॉनेटखालून अशी डरकाळी यायची! लहानपणी ती ऐकू आली की मी हातातला घास टाकून गावच्या फाट्याकडे धावायचो.

पुढे नानांची नजर गेली. किल्ली माझ्या हातात देऊन ते धुळ्याजवळच्या आमच्या गावी अक्काबरोबर, म्हणजे काकूबरोबर, राहू लागले. एका मे महिन्यात एस.टी.च्या कंडक्टरकडून नानांचा निरोप आला, "गाडी लई ये. एक डाव तिना आवाज ऐकाना शे."

म्हणजे गाडी घेऊन ये, एकदा तिचा आवाज ऐकायचाय. आवाज! हा शब्द लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवला.

कारण गाडी जळगावच्या बाहेरच पडेना. आपलं खानदेशी ऊन! जरा चढ लागला की बंद. मेकॅनिक म्हणाला, "कार्बोरेटर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतोय. बाहेरची हवा द्या, पळेल."

हवेला वाट द्यायची? अहो, मी पाण्याला डोंगर चढवणारा माणूस! काढले पाईपाचे तुकडे, वळणांना लावले एल्बो, सांध्यांना चोपडलं चिकटवायचं सोल्युशन. कार्बोरेटरच्या तोंडापासून निघालेला पाईप बॉनेटखाली वळसे घेत थेट पुढच्या जाळीतून बाहेर. धूळ जाऊ नये म्हणून टोकाला कूलरचा वाळा बांधला. इंजिनाला गार हवा, वर सुगंधी!

आणि गाडी पळाली की हो! फक्त डरकाळी गेली आणि तिच्या जागी 'पुक... पुक... पुक' सुरू झालं. मला वाटलं, इंजिन खूश आहे.

पारोळ्याला चहाला थांबलो तर माणसं गोळा. एका आबांनी पाईपात डोकावून विचारलं, "मोटारपंप शे का भो?"

"नाही आबा, स्पोर्ट्स कार आहे."

"मंग पानी कोठे पडस?"

चहाचे पैसे टाकले. निघालो तसाच. गावच्या फाट्यावर वळलो. किती वर्षं हेच मनात होतं, की मी गाडी घेऊन येईन, नाना ओट्यावरून उठतील आणि एकदा 'वा रे भाऊ' म्हणतील.

नाना उठले. आणि गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन बाहेर आल्या! मला वाटलं, स्वागताला. मी मान ताठ करून हातसुद्धा हलवला.

टोपल्यांत बाजरी होती. आमच्या गावची चक्की डिझेलवरची. ती कधी चालेल याचा नेम नाही, म्हणून तिचं 'पुक पुक' कानावर पडलं की बाया दळण घेऊन पळतात. त्यात ती बरेच दिवस बंद पडलेली.

नाना दारातून आत अक्काला ओरडले, "वं, दळन काढ! चक्की सुरू व्हयनी!"

मी इंजिन बंद करून पाया पडलो. त्यांनी माझा चेहरा चाचपला. "उना का रे भाऊ? गाडी कोठे शे?"

"दारातच आहे, नाना."

"काबर चेष्टा करस? सकायपासून कान लायी बठेल शे. ती उनी नही."

गाडी दारात उभी, आणि नानांच्या लेखी ती आलीच नव्हती! बॉनेट उघडलं, पाईप एल्बोसकट उपटला आणि किल्ली फिरवली. कार्बोरेटरनं उघड्या तोंडानं हवा ओढली, आणि ती डरकाळी! कोंबड्या उधळल्या, बायका मागे सरल्या. नाना चाचपडत आले, गाडीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "आते उनी."

"ते बठ्ठं ठीक," अक्का म्हणाली, "पन दळननं काय?"

तेवढ्यात चक्कीवाला धापा टाकत आला. "गावमा दुसरी चक्की कोनी काढी?" माझा पाईप बघून तो हरखलाच. पिठाच्या धुळीनं त्याचं इंजिन सारखं तुंबायचं. आता बाहेरची स्वच्छ हवा मिळेल म्हणून पाईप वाळ्यासकट उचलून घेऊन गेला.

आता नाना नाहीत. गाडीही एका हौशी माणसाकडे गेली. माझा पाईप मात्र कितीतरी वर्षं त्या चक्कीला होता, आणि तो होता तोवर माझं गावी गेल्यावर एकच. ओट्यावर बसलो आणि 'पुक पुक' ऐकू आलं, की हातातला चहा ठेवून मी उठायचो आणि फाट्याकडे बघत राहायचो.

आतून अक्का म्हणायची, "बस रे भाऊ. चक्की शे ती."