राजीनाम्याच्या पाटीखाली

चहा आधी संपवा, मग सांगतो. गाढवपणा काय, सगळेच करतात हो. पण आपल्या गाढवपणाचा फोटो काढून घ्यायचा, त्याच्यामागे स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहायच्या, खाली सही ठोकायची आणि तो टपालानं वडिलांना धाडायचा, हा पराक्रम आमच्या ओळखीत फक्त मी केलाय.

अठ्ठावन्न-एकोणसाठचा सुमार. विम्याच्या कचेरीत चिकटलो आणि वाईहून थेट जयपूरला जाऊन पडलो. वय तेवीस, लग्न नाही, आणि परमनंट व्हायला अजून दोन महिने. कचेरीतल्या एका बदली झालेल्या गृहस्थांकडून मी जुना डबा कॅमेरा घेतला होता. एका रिळात आठ फोटो. महाल, किल्ले, हत्ती यांचे फोटो सगळं जग काढतं. मी काढायचो पाट्यांचे.

कारण जयपूरच्या पाट्या म्हणजे मराठी माणसाला मेजवानी! तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर पाटी, 'कमरा खाली है'. अरे, वर आहे की! पोलीस चौकीवर लिहिलेलं, 'यातायात'. आपल्याकडे कोण इतक्या प्रामाणिकपणे लिहील? मी फोटो काढायचो, चौडा रस्त्यावरच्या स्टुडिओतून धुऊन आणायचो आणि मागे काहीतरी चावट मजकूर लिहून वाईला पाठवायचो. आई म्हणे शेजारपाजारी दाखवायची. नाना, म्हणजे आमचे वडील, तालुका कचेरीतून रिटायर झालेले. ते हसत नसत, पण फोटो जपून ठेवत.

एक दिवस कामानिमित्त कोर्टात गेलो. जयपुरात कोर्टाला कचहरी म्हणतात. तिथं लिंबाखाली एक म्हातारे मुन्शीजी बसायचे. पुढ्यात लाकडी पेटी, कानाला टाक, आणि डोक्यावर पत्र्याची पाटी: 'यहाँ राजीनामा लिखा जाता है'.

मी जागच्या जागी थबकलो. सांगा, राजीनामा लिहून द्यायला दुकान! म्हणजे या गावात लोक इतक्या संख्येनं नोकऱ्या सोडतात की एका माणसाचं त्यावर पोट चालतं! आठातला शेवटचा फोटो शिल्लक होता. मी मुन्शीजींना विनंती केली की टाक हातात घ्या, आणि मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उकिडवा बसलो. एका टांगेवाल्यानं कळ दाबली. मला हसू इतकं आवरेना की डोळ्यांतून पाणी आलं. फोटोत ते रडल्यासारखं दिसत होतं, हे नंतर कळलं.

फोटोच्या मागे मी काय लिहावं? 'इथे फार सोय आहे. साहेबांचा जाच असाच राहिला तर माझाही लवकरच लिहून घेईन.' खाली सही!

फोटो टपालात टाकल्यावर आठवड्याभरानं मी आमेरला एका दुकानदाराची पॉलिसी करायला गेलो होतो. दुपारी बसनं परत आलो, तर कचेरीच्या पायरीवर एक ओळखीची ट्रंक आणि एक ओळखीचा गुंडाळलेला बिछाना. वर आमच्या घरचा फिरकीचा तांब्या.

नाना आले होते. आयुष्यात मुंबईच्या पुढे न गेलेला माणूस दोन रात्री रेल्वेत बसून, सवाई माधोपूरला गाडी बदलून, फोटो खिशात घालून, सरळ माझ्या साहेबांच्या खोलीत शिरला होता. मी पोचायच्या आधी आत काय झालं ते मला चपराश्याकडून आणि नानांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं.

आमचे साहेब म्हणजे माथुरसाहेब. तसे सज्जन, पण नियमाला कडक. नानांनी त्यांना हात जोडले आणि आपल्या वाईच्या हिंदीत म्हणाले, "साहब, लडके का राजीनामा मत लेना."

साहेबांना आधी काही कळेना. त्यांनी विचारलं, "राजीनामा हो जाए तो उसमें बुरा क्या है? इज्जत बच जाती है."

"इज्जत बचता नहीं साहब, जाता है. हमारे घराने में आजतक किसीने राजीनामा दिया नहीं. मर जाएगा, पण देगा नहीं."

साहेब म्हणे खुर्चीत सावरून बसले. मराठ्यांबद्दल त्यांनी ऐकलेलं असणारच! मग नानांनी फोटो पुढे केला. कचहरी, मुन्शी, आणि समोर रडत बसलेला मी. साहेबांची खात्री पटली की या पोराच्या गळ्यात कसला तरी खटला आहे आणि बाप तडजोड करू देत नाहीये.

एवढ्यात मी आत.

"दामले," साहेब शांतपणे म्हणाले, "मुकदमा किससे है?"

मी म्हटलं, कुठला मुकदमा? त्यावर त्यांनी आवाज आणखी खाली आणून विचारलं, "लड़की का मामला तो नहीं?"

'लड़की' हा शब्द नानांना बरोबर समजला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग मराठीत त्यांनी मला फैलावर घेतलं. पोरीपायी नोकरी सोडतोस का, इकडे मी तुझ्यासाठी स्थळं बघतोय, मेणवलीच्या लोकांना काय तोंड दाखवू? मी म्हणत होतो की मी नोकरी सोडत नाहीये. ते फोटो उलटा करून माझीच सही मला दाखवत होते. त्या ओळींत साहेबांच्या जाचाचा उल्लेख होता, आणि साहेबांना देवनागरी वाचता येत होती, हे माझ्या एकदम लक्षात आलं. मी फोटो झटकन सुलटा केला.

शेवटी मी साहेबांकडे वळून म्हणालो, "साहब, मैं राजीनामा नहीं दूंगा. वो तो मजाक था."

"राजीनामा मजाक की चीज नहीं है," साहेब उठलेच. खटला लपवणाऱ्या माणसाला परमनंट करण्याची शिफारस मी करू शकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तुझे वडील इतक्या लांबून आलेत, तेव्हा आजच्या आज मी मध्ये पडतो आणि मिटवून टाकतो. टांगा बोलावला. पुढे टांगेवाल्याशेजारी साहेब, मागे नाना आणि मी. वाटभर नाना पुटपुटत होते, "साहेब स्वतः घेऊन चाललाय राजीनामा लिहायला. केवढा राग असेल."

मुन्शीजींनी मला लांबूनच ओळखलं. त्यांनी साहेबांना सांगितलं की हा लडका येऊन नुसता बसला, रडला आणि काही न लिहिताच निघून गेला. तेव्हापासून मी याची वाट बघतोय, असंही ते म्हणाले. साहेबांनी विचारलं, दुसरी पार्टी कोण?

दुसरी पार्टी? राजीनाम्याला दुसरी पार्टी कशाला लागते? मी तसं विचारलं, तेव्हा मुन्शीजींनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

"बेटा, दो जनों में झगड़ा था, अब दोनों राजी हो गए. उसका कागज, राजीनामा."

"और नौकरी छोड़ने का कागज?"

"वो तो इस्तीफा हुआ."

जयपुरात आल्यापासूनचं माझं हसू त्या लिंबाखाली एकदम आटलं. लोकांच्या पाट्या वाचून खिदळणाऱ्या शहाण्याला पाटीच वाचता येत नव्हती. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे काय, हे मी साहेबांना चाचरत समजावलं. मग त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि खांदे हलायला लागले. हळूहळू आजूबाजूचे दोन वकीलही सामील झाले.

नानांना यातलं अर्धं समजलं होतं. नोकरी शाबूत आहे एवढं मी त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा ते तिथंच मुन्शीजींच्या पेटीवर टेकले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले. दोन रात्री झोपले नव्हते हो ते. तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

मुन्शीजींना माझी दया आली असावी. ते साहेबांना म्हणाले, "लड़का भला है साहब. बस, शिक्षा की थोड़ी कमी रह गई."

इतक्या वेळात नानांना हेच एक वाक्य अगदी स्वच्छ कळलं. त्यांनी मान डोलावली.

"बराबर बोला आप. मैं देता था, लेकिन इसका माँ बीच में पड़ता था."

मला तोवर दोन्ही अर्थ कळू लागले होते. पण दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.