यादीत नसलेलं दुकान

नातवासाठी दूध पावडरचा डबा उघडला आणि त्या वासासरशी कोल्हापुरातलं आमचं बिनखिडकीचं ऑफिस आठवलं. आमच्या कंपनीचे डबे कुठल्या दुकानात मिळतील, हे मी तिथं फोनवर सांगायचे.

एकदा गारगोटीहून एका बापाचा फोन आला. "बाई, तुमी सांगितलेल्या दोन्ही दुकानांत जाऊन आलो. न्हाय म्हणत्यात. पोराला दुसरं दूध पचत न्हाय की."

उचगावच्या एका दुकानात डबे होते, हे मला ठाऊक होतं. पण दुकानदाराशी भांडण झाल्यावर साहेबांनी ते दुकान यादीतून काढलं होतं, आणि साहेब समोरच बसले होते. नोकरी जाईल या भीतीनं मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात विचारा."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मी उचगावला जाऊन एक डबा घेतला. तो हातात आल्यावर लक्षात आलं, मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.