चार मिनिटांत लिहिलेली निधन वार्ता

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी माझ्या चुलतीच्या निधनाची बातमी लिहायला घेतली. सहा चव्वेचाळीसला ती पाठवली. बुधवारी ती पाचव्या पानावर छापून आली. बातमीप्रमाणे तिच्या पश्चात दोन मुले, सुना आणि नातवंडे असा परिवार होता. चुलतीला एक मुलगीही आहे. ती बातमीत नव्हती.

ही चूक कुठे झाली हे शोधावं लागलं नाही. ती माझी होती.

मी जालन्यात मस्तगड भागात राहतो. एका दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काम केलं. नोकरी सोडल्यावरही त्याच दैनिकाला अधूनमधून मजकूर पाठवतो. जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांवर एक पुस्तक लिहायचं मी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. नोकरी सुटून तीन वर्षं झाली तेव्हा हातात अडीच प्रकरणं होती. मग मी नियम केला. पहाटे पाच ते आठ लिहायचं, रोज पाचशे शब्द. दुपारी तीस पानं वाचायची. कपाटाच्या दाराला आतून कागद लावला आणि रोजची खूण करू लागलो.

नियमाला पहिला अडथळा लोकांचा होता. आमच्या भागात आणि गावाकडेही, पेपरात काम केलेला माणूस म्हणजे लिहून देणारा माणूस. कुणाला तहसीलला द्यायचा अर्ज हवा असे, कुणाला लग्नपत्रिकेचा मजकूर, कुणाला निवृत्त होणाऱ्या गुरुजींसाठी मानपत्र. आणि निधन वार्ता तर बहुतेक दर आठवड्याला. लोक चहाच्या वेळी येत. ती माझी लिहायची वेळ होती. मी बायकोला सांगून ठेवलं की घरात नाहीत म्हणायचं. तिला खोटं बोलायला आवडत नसे. ती दारातूनच सांगे, "आत आहेत, पण शिवू नका. सोवळ्यात बसलेत, पुस्तक लिहून राह्यलेत." लोक हसत आणि आठनंतर येत.

फोनचा आवाज बंद करून तो मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवू लागलो. निधन वार्तेसाठी लॅपटॉपवर एक तयार मजकूर करून ठेवला. नाव, वय, गाव, अंत्यसंस्काराची वेळ बदलायची, बाकी तेच. मनमिळाऊ स्वभाव तोच, धार्मिक वृत्ती तीच. पश्चातच्या ओळीत सुना-मुलांचे आकडे बदलायचे. यामुळे महिन्याला किती वेळ वाचतो याचाही मी हिशोब केला होता आणि त्याबद्दल समाधानी होतो.

मंगळवारी पावणेसहाला बायकोच्या मोबाइलवर थोरल्या चुलतभावाचा फोन आला. चुलती पहाटे गेली होती. गाव तीर्थपुरीपासून चार किलोमीटरवर आहे. अंत्यसंस्कार दुपारी बाराला होते. आम्हाला निघायला नऊ वाजले तरी चालणार होतं. मी पुन्हा लिहायला बसलो.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. सातवी ते दहावी मी तीर्थपुरीच्या शाळेत शिकलो आणि त्या चार वर्षांत चुलतीच्या घरी जेवलो. ताट वाढणारी बहुतेक वेळा तिची मुलगी असे. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. पुढे तिचं लग्न झालं, नवऱ्याने दोन वर्षांत आणून सोडलं, आणि ती माहेरी राहिली. चुलती शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं हिनेच केलं. हे मला माहीत होतं. माहिती नसल्यामुळे चूक झाली, असं म्हणता येत नाही.

सहा पस्तीसला पाणी प्यायला उठलो तेव्हा फळीवरच्या फोनवर भावाचा निरोप दिसला. नाव, वय, वेळ एवढंच होतं. शेवटी लिहिलं होतं : बाकीचं तुला माहितीच आहे. पेपरात जल्दी दे.

त्या वेळी मी भोकरदनच्या बाजारातल्या बैलांच्या सौद्याचा परिच्छेद लिहीत होतो आणि एक वाक्य अर्ध्यात होतं. मी तयार मजकूर उघडला. आधीची बातमी दुसऱ्या एका बाईंची होती. त्यांना दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. माझ्या चुलतीलाही दोन मुलगे. आकडा बदलायची गरज पडली नाही. ओळ तशीच राहिली. मी मजकूर डेस्कला पाठवला, तोच भावाला पाठवला, फोन फळीवर ठेवला आणि अर्धं वाक्य पूर्ण केलं. त्या सकाळी पाचशे चाळीस शब्द झाले. मी कागदावर खूण केली.

निघताना फोन हातात घेतला तेव्हा चुलतबहिणीचे अकरा फोन येऊन गेलेले होते. पहिला सात वाजून पाच मिनिटांनी, शेवटचा सव्वाआठला. घरात मयत आहे, आम्ही कधी येतो हे विचारत असेल, असं मी धरलं. उलट फोन केला नाही.

अंत्यसंस्काराच्या वेळी ती बायकांच्या घोळक्यात होती. तिरडी उचलायच्या आधी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दादा, फोन लावल्ता."

"हो गं, येतच होतो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत थांबली. मग कुणीतरी तिला पाणी घेऊन बोलावलं. पाचवं पान संध्याकाळी सातला छपाईला सुटतं. तोपर्यंत एक शब्द घालणं सहज शक्य होतं.

बुधवारी सकाळी अंक आला. मी बातमी वाचली आणि राहिलेली मुलगी माझ्या लक्षात आली. दहाच्या सुमारास तिचा फोन आला. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "अगं, मी लिहिलं होतं. ऑफिसात जागा नव्हती, त्यांनी ओळ कापली."

ती म्हणाली, "बरं. मीबी हितं तेच सांगितलंय."

याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. मी विचारलंही नाही. ती पुढे म्हणाली, "तेरवीच्या आधी येईन का दुसरी बातमी? नाव नका टाकू. एक मुलगी, एवढंच टाका."

मी हो म्हणालो.

निधन वार्तेची दुरुस्ती आमच्या दैनिकात छापत नाहीत. हा नियम मी डेस्कवर असताना मीच लावून धरला होता. एक दुरुस्ती छापली की दुसऱ्या दिवशी चार घरांतून फोन येत, म्हणून. त्यामुळे मी तेरवीच्या कार्यक्रमाची वेगळी बातमी केली आणि तिच्यात पश्चातची पूर्ण ओळ घातली : दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे. आदल्या दिवशी ती आली. त्या दिवशी पानावर खरोखरच जागा नव्हती. डेस्कने तारीख, वेळ आणि गाव ठेवून बाकीचा मजकूर कापला. मी जे खोटं सांगितलं होतं, ते दहा दिवसांनी खरं झालं.

तेरवीला मी आणि बायको सकाळीच गेलो. जेवणाआधी दुखवट्याचे कपडे करतात. मयत बाई असेल तर तिच्या माहेरची माणसं तिच्या लेकांना टॉवेल-टोपी आणि सुनांना, लेकींना साडी घालतात. चुलतीचे भाऊ आता नाहीत. भावाचा मुलगा, म्हणजे माझ्या चुलतभावांच्या मामाचा मुलगा, आणि त्याची बायको आली होती. येणंजाणं फारसं राहिलेलं नव्हतं. त्यांनी दोन टॉवेल-टोप्या आणि दोन साड्या आणल्या होत्या. दोन्ही भावांना टोप्या घातल्या. दोन्ही सुनांच्या अंगावर साड्या घातल्या. पिशवी रिकामी झाली. चुलतबहीण बाजूला तांब्या घेऊन उभी होती.

मामाची सून ओशाळली. "आम्हाला वाटलं वन्सं तिकडं सासरी असतीन," ती म्हणाली. "पेपरात बी नुसत्या सुनाच व्हत्या."

"पेपरात न्हाईच," थोरली वहिनी म्हणाली. ती ओसरीवर पत्रावळ्या पुसत होती. तिने आवाज चढवला नव्हता. "तरी आमच्या वन्संनी मयताच्या दिशी वाचून दाखिवलं तवा बराबर व्हतं. दोन मुलं, एक मुलगी. सगळ्यायनं ऐकलं. छापून आलं तवा न्हाई. मंग मधी गेलं कुठं ते?"

मामाची सून रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली.

"पेपरवाल्यांनी कापलं," चुलतबहीण म्हणाली.

"दोनदा कापलं का? तुमचंच बरं सापडतं त्यायला." वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्हीच सांगा. तुम्ही तर त्यातलेच. लिव्हलं व्हतं का न्हाई?"

त्या वेळी मला अकरा फोनांचा अर्थ कळला. नंतर कळलं त्याप्रमाणे, मंगळवारी सकाळी भावाला चष्मा सापडत नव्हता, म्हणून त्याने माझा मजकूर वाचायला फोन बहिणीच्या हातात दिला होता. आईचं मयत अंगणात होतं. ओसरीवर गाव बसलं होतं. ती मोठ्याने वाचत गेली, आणि जिथे ती असायला हवी होती तिथे नव्हती. तिने ते दोन शब्द स्वतःच्या तोंडाने घातले आणि पुढे वाचलं. मग मला फोन लावत राहिली. दादा विसरला असेल, सांगितलं की घालेल, एवढाच तिचा हिशोब होता.

"लिहिलं होतं," मी म्हणालो. "दोन्ही वेळा."

थोरल्या चुलतभावाने खिशातून फोन काढला. चष्मा लावला. फोनकडे बघत तो बराच वेळ बोटाने जुने निरोप मागे सरकवत होता. मग थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, बहिणीकडे पाहिलं. फोन खिशात ठेवला.

"कापत्यात ते," तो म्हणाला. "पानं टाका आता. लोकं खोळंबलेत."

दुपारी मामाचा मुलगा मोटारसायकलवर तीर्थपुरीला गेला आणि साडी घेऊन आला. त्याच्या बायकोने ती देवळीसमोर चुलतबहिणीच्या अंगावर घातली. चुलतबहीण दोघांच्याही पाया पडली. वहिनीने सगळ्यांसाठी चहा ठेवला.

आम्ही निघालो तेव्हा ती फाट्यापर्यंत सोबत आली. बायको दोन पावलं पुढे होती. मी म्हणालो, "तू वाचलं तेव्हाच तुला माहीत होतं. मग मी फोनवर कापलं म्हणालो तेव्हा—"

"व्हय," ती म्हणाली.

"मी सांगून टाकतो भाऊला आणि वहिनीला. चूक माझी आहे."

"बिलकुल नका सांगू." ती थांबली. "तुम्ही सांगितलं की मी खोटी पडते. भाऊला कळलंय, तेवढं बास झालं." मग पुढे चालणाऱ्या माझ्या बायकोकडे बघत म्हणाली, "तुम्हाला सकाळचं लिव्हायचं असतं ना, दादा. वहिनी म्हन्ल्या मला. सोवळ्यात असता म्हणं."

बायको मागे वळून बघत नव्हती. जीप आली. आम्ही बसलो.

पुस्तकाची सहा प्रकरणं आता पूर्ण झाली आहेत. तीर्थपुरीच्या बाजाराचं प्रकरण त्यात नाही. तयार मजकुराची फाइल मी काढून टाकली. निधन वार्ता सांगायला येणाऱ्याला आता समोर बसवून विचारतो, लेकी किती. बातमी लिहायला त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं जातात. काही दिवस पाचशे शब्द होत नाहीत.

हे लिहून झाल्यावर मी चुलतबहिणीला फोन केला आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं. शेवटी तिने सांगितलं की नावं कुणाचीच टाकू नका. वाचताना तिने शब्द घातले, तो भाग काढायचा का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या."