उकडलेलं बेणं

त्या रविवारी उपासनेहून परतताना मी गाणं गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतं. कारण त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या तोंडून गाणं फुटलंच नाही.

कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची मंडळी लहानशीच आहे. पत्र्याचं देऊळ, एक पेटी, एक डफ आणि माझ्यासारख्या चार-दोन बेसूर पण मोठ्या आवाजाच्या बाया. रविवारी आम्ही रानात काम करत नाही. पण वाळवण्याआधी हळद शिजवून देणाऱ्या टोळीला दुसऱ्या गावाला जायची घाई होती, म्हणून मी म्हटलं, तुमचं तुम्ही चालू द्या, आम्ही उपासना करून येतो. कडुलिंबाखाली पाल्यानं झाकून ठेवलेला ढीग पुढच्या लागवडीच्या बेण्याचा आहे, त्याला हात लावायचा नाही, हे माझ्या मुलानं, प्रकाशनं सांगितलं असेल असं मला वाटलं. त्याला वाटलं, एवढी बोलकी आई, तिनं सांगितलंच असणार.

आम्ही परतलो तेव्हा कडुलिंबाखाली नुसता पाला पसरलेला होता. टोळीचा मुकादम हसतच पुढे आला. "बाई, झाडाखालचं राहून गेलं व्हतं, ते बी शिजवून टाकलं. काम कसं एकदम बराबर झालं पाहा!"

शिजवलेल्या हळदीला कोंब फुटत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुकादमाला आमच्या तोंडाकडं पाहूनच कळलं. बिचारा पार कानकोंडा झाला. त्याला मी काय बोलणार? वाफाळलेल्या त्या ढिगाजवळ मी जाऊन बसले.

बेणं बाजारात विकत मिळतं, मला कळत नाही असं नाही. पण हे बेणं मूळ माझ्या मालकांनी निवडून वाढवलेलं होतं. दर वर्षी काढणीला ते वाफ्यावाफ्यातून हिंडायचे, एकेक गड्डा मोडून बघायचे, नाकाशी धरायचे आणि जो मनात भरेल तो बाजूला ठेवायचे. अशी सगळी हयात निवडण्यात गेली, तेव्हा कुठं ती गर्द केशरी, नाकात भरणारी हळद आमच्या रानात आली. दोन वर्षांपूर्वी ते प्रभूकडं गेले. त्यांचे कपडे मी वाटून टाकले होते, चष्मा पेटीत ठेवला होता. पण त्यांच्या हातचं जिवंत असं एवढं बेणंच उरलं होतं, आणि ते मी देवाच्या घरात बसले असताना गेलं.

खरं सांगते, मला राग आला तो देवाचा. मी तुझं गाणं म्हणत होते, आणि तुला एक ढीग सांभाळता आला नाही? उपासनेत आम्ही सगळे उभे राहून आपला विश्वास बोलून दाखवतो. त्यात देवाला सर्वसमर्थ म्हणायचं असतं. पुढच्या रविवारपासून त्या शब्दाशी आलं की मी तोंड मिटून घ्यायला लागले. बाकी सगळं म्हणायची, तेवढा शब्द गाळायची. मी रुसले होते, आणि माझा रुसवा त्याला कळावा असं मला वाटत होतं. म्हणजे तो ऐकतोय यावर माझा विश्वास तेव्हाही होताच, हे आज लिहिताना हसू येऊन लक्षात येतं.

उन्हाळा सरत आला. लागवड तोंडावर आली, म्हणून नांदेडकडच्या एका बागायतदाराकडून बेणं आणायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसल्या बसल्या प्रार्थना केली. तिच्यात गोडवा अजिबात नव्हता. "प्रभू, मी भांडून भांडून थकले. रान तुझं आहे. तू देशील ते बेणं लावीन," एवढंच म्हटलं आणि आमेन म्हणून चपला घातल्या.

वारंगा फाट्यावर बस लवकर येईना. ऊन मी म्हणत होतं. प्रकाश म्हणाला, चहा तरी घेऊ. कोपऱ्यावरच्या टपरीत शिरलो. फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, आत एक ठसठशीत बाई चहा उकळत होती. सगळे तिला अक्का म्हणत होते. चहा देताना ती माझ्याकडं टक लावून पाहायला लागली.

"तुमी त्या हळदवाल्या दादाच्या मालकीण न्हाई का? चर्चाच्या अंगणात पाह्यलं व्हतं मी तुमाला."

मी मान हलवली.

"लई बरं झालं भेटल्या! तुमच्या मालकानं माझ्या जागेची पार वाट लावून ठेवलीय."

ते आता नाहीत, असं मी जरा फणकाऱ्यानंच सांगितलं. अक्काचा चेहरा उतरला. तिनं चटकन माझा हात धरला आणि मग सगळा उलगडा केला.

आमच्याकडं हंगामाचा सण असतो. रानात पिकलेलं पहिलं आणि चांगलं ते देवापुढं आणायचं, आणि उपासना झाली की देवळाच्या अंगणात त्याचा लिलाव करायचा. लिलावाला गावातलं कोणीही येतं, मोठी हसाहशी असते. मालकांच्या हयातीतल्या शेवटच्या सणाला त्यांनी बेण्यातलेच निवडक गड्डे टोपलं भरून नेले होते. मी वाटेभर बडबडत होते, बेणं कुणी देवळात नेतं का म्हणून. ते म्हणाले होते, "काहून कुरकुर करून राहिली? त्याला काय निवडून उरलेलं द्यावं?"

त्या दिवशी अक्का आमच्या गावात बहिणीकडं आली होती आणि गंमत म्हणून लिलावाला उभी राहिली होती. "मला भोपळा पाहिजे व्हता," ती म्हणाली. "हात वर केला, तवर भोपळा दुसऱ्यानं नेला अन् हे टोपलं माझ्या गळ्यात पडलं. परत घ्या म्हणायची लाज वाटली. मी चहा विकणारी, हळद घेऊन काय करू? टपरीमागं भांड्याचं पाणी जातं, तिथं पुरून टाकली. दोन वर्सं झाली, ती पसरूनच राहिलीय!"

मी चपला तिथंच टाकून मागं धावले. ओलसर जागेत कोवळी पानं वर आली होती. प्रकाशनं अक्काची कुदळ घेऊन एक आळं उकरलं. मी गड्डा मोडला. तोच गर्द केशरी रंग. नाकाशी धरला आणि मालक शेजारी उभे असल्यासारखे मला वाटले. मी रडत होते आणि हसतही होते, आणि आमची बस आली, थांबली आणि निघून गेली.

पोत्यात भरून बेणं दिलं तेव्हा अक्का काही घ्यायला तयार होईना. म्हणाली, "उलट तुमीच माझी जागा मोकळी केली. तुमचा देव म्हणा, न्हाई तर माझ्या भांड्याचं पाणी म्हणा."

मी तिच्याशी वाद घातला नाही. दोन्ही खरं असायला माझी काय हरकत? माझ्या देवानं भांड्याच्या पाण्यावर माझं बेणं वाढवलं असेल, तर त्यात त्याला कमीपणा थोडाच येतो. ज्या ढिगावरून मी त्याच्याशी भांडत होते, तो शिजण्याच्या कितीतरी आधी त्याची तजवीज होऊन बसली होती. माझ्या मुठीत ठेवलेलं गेलं, आणि त्याच्या हाती दिलेलं, तेही मी कुरकुर करत असताना दिलेलं, तेवढं राहिलं. सर्वसमर्थ म्हणजे कडुलिंबाखाली राखणीला बसणारा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

सगळ्या रानाला ते बेणं पुरलं नाही, एका तुकड्यालाच पुरलं. पण त्या तुकड्यातली हळद यंदा काढली तेव्हा मीच वाफ्यावाफ्यातून हिंडले, गड्डे मोडले, नाकाशी धरले. सणाच्या सकाळी सगळ्यांत चांगले गड्डे टोपल्यात भरायला लागले, तसा प्रकाश दारात येऊन म्हणाला, "आई, बेणं कुणी देवळात नेतं का?" अगदी माझाच सूर. मला इतकं हसू आलं की टोपलं खाली ठेवावं लागलं.

उपासनेत त्या शब्दाशी आले तेव्हा मी तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आणि सगळ्यांच्या आधी म्हटला. पेटीवाले दादा वळून पाहायला लागले. बाहेर लिलाव सुरू झाला, आणि सगळ्यांत आधी भोपळा निघाला. अक्का त्यासाठीच फाट्यावरून आली असणार असं मला वाटलं, पण तिनं हाताची घडी काही सोडली नाही. माझं टोपलं पुढं आलं तेव्हा मात्र तिनं हात असा उंच केला की सगळं अंगण हसलं.

"टपरीमागची जागा मोकळी पडलीय," ती मला ओरडून म्हणाली.