माडीवर रडायचं नाही

शिरस्तेदाराने ओटीवरून फडकी खाली फेकली. ती अंगणात माझ्या पायाशी पडली. जुन्या धोतराची होती. ओटीवर त्याच्याकडे आलेले दोघे पाहुणे पान लावत बसले होते.

"बांध पायाला," तो म्हणाला. "दोन्ही."

मी खाली बसले आणि बांधली. मला गाठ नीट मारता येत नव्हती. एक पाहुणा म्हणाला, "बैलाला नाल मारतात, हिला फडकी." दुसरा हसला.

"आता वर जा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाल. आम्ही ऐकतो."

मी मागच्या जिन्याने माडीवर गेले. आई चुलीपाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी चालले. खालून आवाज आला, "परत." मी परत चालले. मग तो पाहुण्यांना म्हणाला, "बघा, रेड्याचं मांजर झालं की नाही?"

तेव्हा मी मराठी तिसरीत होते. तेव्हा आम्ही त्याला 'ते' म्हणायचो. आता मी 'तो' लिहिते.

घर रत्नागिरीत होतं. मालक दाभोळचा व्यापारी, तो इकडे फारसा यायचा नाही. खाली शिरस्तेदार आणि त्याची बायको, वर आम्ही. दोघेही भाडेकरूच. पण तो कचेरीतून शिरस्तेदार, म्हणजे वरचा कारकून, म्हणून रिटायर झालेला, तिथे अजून त्याचा शब्द चालायचा, आणि माझा बाप त्याच कचेरीत पट्टेवाला. आम्ही पालीकडचे कुळवाडी. माडी त्यानेच बाबांना मिळवून दिली, कारण त्याला पाणी भरायला, बाजार आणायला हाताशी माणूस हवं होतं. आणि मालकाला सांगून अटीही त्यानेच घालून घेतल्या.

माडीची जमीन फळ्यांची होती. खाली छत नव्हतं, फळ्या हेच त्याचं छत. म्हणून सगळीकडे गोणपाट अंथरायचं. जातं वर ठेवायचं नाही, दळण खाली मागच्या पडवीत. तांब्या ठेवायचा तो गोणपाटावर. सारवायचं नाही, फटीतून पाणी गळतं. त्याच्या देवघराच्या वर जो भाग येत होता तिथे चुन्याची रेघ ओढलेली होती. रेघेपलीकडे पाय टाकायचा नाही. देवांच्या डोक्यावर कुळवाड्याचे पाय नकोत. आमची निम्मी माडी अशीच गेली. आणि दुपारी तो जेवून झोपला की उठेपर्यंत काहीच करायचं नाही. बसून राहायचं. हललो की खालून काठीने फळी ठोकायचा.

बाबा रोज सांगायचे, "पाय उचलून ठेव गो बाय. माझी नोकरी त्यांच्या हातात हाय."

मला एक धाकटा भाऊ होता. बाळू म्हणायचो. तो उभा राहायला लागला तशी आईने त्याच्याही पायांना फडकी बांधली. तो घसरून पडायचा. पडला की आई आधी त्याचं तोंड धरायची, मग बघायची लागलं का.

पुढच्या वर्षी बाळूला डांग्या खोकला झाला. खोकला आला की तो निळा पडायचा आणि मग घोड्यासारखा आवाज काढून श्वास ओढायचा. शिरस्तेदाराची बायको, तिला आम्ही काकू म्हणायचो, जिन्याखाली येऊन म्हणाली, "अगो, त्याला काहीतरी दे. यांना डोळा लागत नाही." आई म्हणाली, "दवाखान्याचं अवषद चालू हाय, काकू." काकू म्हणाली, "मग तोंडावर कापड तरी धर."

आईने धरलं. खोकला आला की ती त्याचं तोंड आपल्या छातीत दाबायची. त्यामुळे तो मेला असं मी म्हणत नाही. त्या वर्षी त्या खोकल्याने पुष्कळ पोरं गेली. पण ती दाबायची हे मी पाहिलं आहे.

बाळू दुपारी गेला. बाबा कचेरीत होते. शाळेला सुटी होती म्हणून मी घरी होते. खाली शिरस्तेदार झोपलेला, त्याचं घोरणं फळ्यांतून ऐकू येत होतं. बाळू खोकला, निळा झाला, आणि या वेळी श्वास ओढायचा आवाज आलाच नाही. आईने त्याला हलवलं. मग तिने तोंड उघडलं. मला वाटलं आता ती ओरडणार. तिने पदराचा बोळा केला आणि तोंडात घातला.

मी उठले. म्हटलं, "बाबांना बोलवून आणते."

तिने मान हलवली. बोळा काढून हळू म्हणाली, "बस. ते उठू देत. जिना वाजतो."

आम्ही बसून राहिलो. मेलेलं पोर तिच्या मांडीवर, मी समोर. माशी आली की ती हाताने वारायची. मी चुन्याच्या रेघेकडे बघत होते. मला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. काहीच होत नव्हतं. खाली तो झोपेत कुशीवर वळला, तेही कळलं.

तो उठला, खाकरला, चूळ भरली. मग आई म्हणाली, "जा आता."

आमच्याकडे घरात माणूस गेलं की बायका टाहो फोडतात. त्यावरूनच आजूबाजूला कळतं. कोणी निरोप द्यायला जात नाही. टाहो ऐकला की हातातलं काम टाकून शेजारपाजारचे येतात. आमच्या माडीवरून आवाज गेलाच नाही, म्हणून कोणी आलं नाही. बाबा आणि कचेरीतला एक पट्टेवाला, दोघांनीच बाळूला नेऊन पुरलं. आईच्या जवळ बसायला एक बाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले. काकू शेजारणीशी बोलत होती. मी मागे उभी आहे हे तिला दिसलं नाही.

"पोर गेलं तर एक हुंदका नाही हो. आम्हाला संध्याकाळी कळलं. या लोकांना काही वाटतच नाही. जनावरसुद्धा हंबरतं."

मी कळशी तिथेच ठेवली.

माडीवर गेले. दुपार झालेली, तो झोपला होता. मी पायांची फडकी सोडली. गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात टाकलं. आणि चालायला लागले. टाचा आपटून. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रेघेवरून, रेघेपलीकडे, त्याच्या देवांच्या डोक्यावरून. खालून काठी वाजली. मी थांबले नाही. तो ओरडला, "कोण आहे वर?" मी म्हटलं, "माणसं आहेत." आई माझ्याकडे बघत होती. तिने मला अडवलं नाही.

संध्याकाळी बाबांना खाली बोलावलं. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा काळा पडला होता.

"चल. पाया पड त्यांच्या."

"नाय पडणार."

"चुकले म्हण. एवढाच बोल."

"मी चुकले नाय."

त्यांनी मला मारलं. बाबांनी मला मारलं ते तेवढंच. मी पडले ती आवाज करून पडले.

माडी सोडावी लागली. बाबांची नोकरी राहिली, बदली दूर झाली. आई आणि मी पालीकडे गावी गेलो. शाळा सुटली ती सुटली. आई पुढे कधीच रडली नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. आवाज आत बसला तो तिला काढता आला नाही.

माझं लग्न झालं. नवऱ्याला रत्नागिरीत बंदरावर काम मिळालं, तेव्हा आम्ही खोली बघायला गेलो. तीही माडीवरच. मालकाचा कारकून भाडेपट्टा घेऊन बसला होता. त्याने अटी वाचल्या. कांडण नाही, दळण नाही, पोरांचा गलबला नाही, दुपारी शांतता.

मी म्हटलं, "आणखी एक लिहा. या घरात कोणी मेलं तर आम्ही मोठ्याने रडू. कोणतीही वेळ असो. खालच्यांनी काठी वाजवायची नाही."

नवरा म्हणाला, "अगो, आता कोण मरतंय?"

"कोणी मरो न मरो. आधी लिहू देत."

कारकून हसला. "बाई, असं कोणी लिहून देत नाही. अंगठा करा आणि चावी घ्या."

"मला सही येते," मी म्हटलं. "पण हे लिहिल्याशिवाय करणार नाही."

त्याने लिहिलं नाही. मी सही केली नाही. नवऱ्याला म्हटलं, चला, दुसरी बघू. दुसरीकडेही मी हेच सांगणार, तिसरीकडेही हेच. कुठेच नाही मिळाली तर माडाच्या झापांच्या खोपीत राहू, पण मेलेलं पोर मांडीवर घेऊन कोणाची झोप मी राखणार नाही.