भरवायचा राहिलेला घास

दुसऱ्याच्या मुलाला तुम्ही कधी स्वतःच्या हाताने घास भरवला आहे का?

पेणहून रोह्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी; नखांच्या कडांना पिवळा रंग होता. मांडीवर दहाएक महिन्यांचं मूल. ती मऊ वरणभात बोटाने त्याच्या ओठांशी न्यायची, आणि ते तोंड घट्ट मिटून पदराखाली शिरायचं.

माझ्या पिशवीत कुपोषणावरची पत्रकं होती. मी समजावू लागलो, की नुसत्या दुधावर आता भागणार नाही.

"ठाव हाय ओ भाऊ," ती म्हणाली. "वजन घटलंय, नर्सबाई वरडते. उष्टावणाला मामाच्या हातचं मटामट खाल्लं यानं. माझ्या हाताला रॉकेलचा वास. रंग काढायला तेच लागतं, साबणानं पन जात नाय." मग तिने डबा माझ्यापुढे धरला. "तुमीच भरवा ना दोन घास."

मूल सांभाळणं हे पुरुषाचंही काम आहे, असं त्या पत्रकात मीच लिहिलं होतं. पण समोरच्या बाकावरचे दोघे बघत होते. मी ओशाळून हसलो आणि तिच्या हातात पत्रक ठेवलं.

"ह्ये चाटवू व्हय त्याला?" तिने विचारलं.

कासूला ती उतरली तेव्हा डबा भरलेलाच होता. त्यानंतर मी पुष्कळ भाषणं केली, पण तो घास न भरवल्याची लाज गेलेली नाही.

तुमच्यापुढे कुणी असा डबा धरला, तर कोण बघतंय ते पाहू नका. हात धुवा, मूल मांडीवर घ्या आणि भरवा.