सरळ दांडीवर दौलताबादचा घाट

सायकल विकायचं पक्कं झालं होतं. गिऱ्हाईकही घरचंच, आमच्या ह्यांच्या ऑफिसातला दत्ता. सोमवारी तो न्यायला येणार होता आणि शुक्रवारी संध्याकाळी मी बाल्कनीत तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल काढत होते. दोन वर्षं ती हुकाला टांगलेली, घरात तिचा उपयोग तेवढाच उरलेला. टॉवेल काढले, सीटवरची धूळ पुसली आणि वाटलं, छे! असं नाही द्यायची.

आधी ती टांगली का गेली ते सांगते. माझी सायकल रेसिंगची, खाली वळलेल्या शिंगांच्या हँडलची. दोन वर्षांपूर्वी खुलताबादहून येताना दौलताबादच्या घाटात, उतारावर, हात शिंगांच्या वरच्या भागावर होते. तिथून डाव्या हाताची बोटं ब्रेकपर्यंत पुरली नाहीत, घाबरून उजव्यानं पुढचा करकचून दाबला गेला आणि सायकलीच्या आधी मी रस्त्यावर पोचले. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. पण त्या हातावर माझा विश्वास राहिला नाही. बादली उजव्या हातानं, दुधाचं पातेलं उजव्या हातानं, शाळेत वह्यांचा गठ्ठासुद्धा उजव्याच बगलेत. एकोणपन्नासाव्या वर्षी मी अर्ध्या हातांची बाई झाले होते, आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

"अहो, रविवारी मी खुलताबादला जाऊन येते. सायकलवर."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुन्हा पडायला?"

"हँडल बदलून. सरळ दांडी लावून. म्हणजे वाकायला नको आणि ब्रेक कायम बोटांखाली."

बराच वेळ आमची वादावादी झाली. शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. तोच घाट नीट उतरून आलीस तर दत्ताला मी नाही म्हणून सांगतो. नाही उतरलीस तर सोमवारी सायकल त्याची, मग रडायचं नाही. आणि मी स्कूटरवर मागं असणार." मी लगेच हो म्हटलं. मनातून मात्र टरकले होते.

शनिवारी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि त्या विद्वत्तेच्या जोरावर एका दुकानातून सरळ दांडी, ब्रेकच्या लिव्हर आणि रबरी मुठी घेऊन आले. तिथून औरंगपुऱ्यात सलीमचाचांकडं. चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान म्हणजे गल्लीतलं एक शटर, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. चाचा सत्तरीचे. सायकल हातात आली की आधी पुढचं चाक फिरवून कान लावतात, मग बोलतात.

माझ्या लिव्हर बघून त्यांनी मान हलवली. "अजी ताई, ये इसके नै हैं. ये डोंगरवाली सायकल के हैं."

"चाचा, लिव्हर म्हणजे लिव्हर. दाबलं की ब्रेक लागतो."

"हौ? लगाके देखो फिर."

त्यांनी खरंच लावून दिल्या. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, दाबल्या, आणि सायकल आपली चाललीच आहे! रसवंतीच्या बाकड्याला पाय टेकवून थांबावं लागलं. परत आल्यावर चाचांनी समजावलं. त्या लिव्हर तार भरपूर ओढतात, पण जोर कमी देतात. माझ्या ब्रेकला तार थोडीच लागते, जोर मात्र चांगला लागतो. मग त्यांनी खोबरेल तेलाचा एक जुना डबा उपडा केला, त्यातून जुन्या रेंजर सायकलच्या, तार कमी ओढणाऱ्या दोन लिव्हर शोधून काढल्या, रॉकेलनं धुतल्या आणि बसवल्या. काय सांगू! एका बोटानं दाबावं आणि चाक जागच्या जागी. आधी गिअर ब्रेकच्याच लिव्हरनं बदलायचे, त्या लिव्हर निघाल्या. त्याजागी अंगठ्यानं ढकलायचा खटका आला. त्याला टकटक असं काही नाही, साखळीची कुरकुर थांबली की गिअर बसला. तुम्हाला असा बदल करायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा: दांडी कुठलीही घ्या, पण लिव्हर आपल्या ब्रेकला जुळणारीच घ्या. सगळं मिळून दीड हजाराच्या आत झालं, त्यातली माझी विद्वत्ता पाचशेची.

नवी दांडी चांगलीच लांब होती, दोन्ही टोकांना चार-चार बोटं जास्त. मी म्हटलं, आताच कापून टाका. चाचांनी कानाला हात लावला.

"नक्को. कटी सो दांडी फिर जुडती नै. पहले एक लंबा चक्कर मारके आओ."

आणि त्यांनी मुठी बसवल्याच नाहीत. दांडीला दोन्हीकडं पांढऱ्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून दिली. त्यांची ही पद्धतच आहे. दिवसभर चालवून या, घामानं आणि धुळीनं कापड जिथं मळेल तिथं तुमचा हात, त्याच्या बाहेरचं कापायचं. टेप लावून मोजत नाहीत. मनगटाचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सायकल दिलीच नसती, अशी मला भीती होती.

रविवारी पहाटे गारखेड्यातून निघालो. क्रांती चौक, बाबा पंप, छावणी, पडेगाव. या वेळेला रस्ता मोकळा असतो, आठनंतर निघाल तर ट्रकवाल्यांच्या दयेवर जाल. मिटमिट्याच्या पुढं गार वारा थेट छातीवर आला. सरळ बसण्याचा हा तोटा, वारा सगळा आपल्यालाच. पण फायदा काय सांगू? इतकी वर्षं या रस्त्यानं गेले, बघितलं काय, तर पुढचं चाक आणि डांबर. आज मान वर होती. शरणापूर फाट्यावरून वळले आणि देवगिरी समोर उभा राहिला, खालपासून तासलेला तो काळा कडा, वर कोवळं ऊन, पायथ्याशी ज्वारीची हिरवी शेतं. मी चक्क मोठ्यानं "अगं बाई!" म्हटलं. मागून स्कूटरवरून आवाज आला, "काय झालं? दुखतंय का?"

दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी जाते. माझी लांब दांडी, समोरून घुसलेली रिक्षा, आणि दोघांच्या मध्ये सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेली बाई. रिक्षावाला ओरडला, "मावशी, शिंगं आवरा!" मी म्हटलं, "बाबा, शिंगंच काढून आलेय!" टोपलीवाल्या बाईला इतकं हसू आलं की तिनं एक पिकलेलं सीताफळ हातावर ठेवलं आणि पैसे घेईना. दौलताबादची सीताफळं दिवाळीच्या आसपास घ्या, आणि तिथंच बसून खा. घरी नेईपर्यंत पिशवीत लगदा होतो.

घाट चढताना त्रास झाला नाही. हलका गिअर, कान साखळीकडं, दर वळणावर खाली पसरलेला मुलूख. रुंद दांडीवर श्वास मोकळा घेता येतो. खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं, बाहेर दोन प्लेट गरम भजी आणि चहा झाला. पोटभर खा, साठ-सत्तर रुपयांत होतं. मला मात्र तिसरं भजं गेलं नाही. आता उतरायचं होतं.

"मी पुढं जाऊन थांबतो," हे म्हणाले. कुठं ते बोलले नाहीत, पण मला माहीत होतं.

दोन्ही ब्रेकांवर दोन-दोन बोटं, डोळे रस्त्यावर, तोंडानं मारुतीचं नाव. दोन वळणं गेली. मग दोन वर्षांपूर्वीचं ते वळण आलं. कठड्याशी हे उभे, हातात हेल्मेट. आणि ते वळण घेते न घेते तोच समोर अख्खा रस्ता भरून मेंढरं!

विचार करायला वेळच नव्हता. हातांनी काय करायचं ते केलं. चाकं खरखरली, मागचं थोडं सरकलं आणि सायकल थांबली. पुढच्या मेंढीचं नाक माझ्या चाकापासून वीतभर. मी दोन्ही पायांवर उभी होते.

कळपामागून हातात काठी घेतलेली एक आजी आली. "थांबलीस व्हय गं बाई! मला वाटलं आता मेंढरातच शिरतीस."

"मलापण तेच वाटलं, आजी."

"नाय, नाय. हात लई खंबीर हायेत तुजे," ती म्हणाली आणि हर्रर्र करत पुढं गेली. हे कठड्यापाशीच उभे. डोळे भरलेले, आणि वर मलाच म्हणतात, "धूळ किती आहे इथं." मी हसले आणि रडलेही, लपवण्यासारखं काही नव्हतं. बाकीचा घाट मी गाणं म्हणत उतरले.

दुपारी थेट औरंगपुरा. चाचांनी चष्मा लावला, दांडी उजेडाकडं वळवली आणि पट्टीवरचे डाग वाचायला लागले. आधी उजवीकडचा, मग डावीकडचा, मग परत उजवीकडचा. मला वाटलं होतं डावीकडचं कापड जवळजवळ कोरंच असेल.

"दोनो हात बराबर," चाचा म्हणाले. "एक सरीखा वजन. नै तो लोगां एक हात पे जोर देते. तुम्हारा अच्छा है, ताई."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. चाचांनी दोन्हीकडं सारख्याच खुणा केल्या, करवत चालवली, मुठी ठोकून बसवल्या. तेवढ्यात शटरबाहेर ह्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "दत्ता, अरे सायकलचं नाही जमणार. नाही, नाही, पैशाचा प्रश्न नाही. तिची मालकीण परत आलीय."

ती मळकी पट्टी मी मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. पन्नास किलोमीटरचा पल्ला, एक घाट, एक सीताफळ, एवढाच हा प्रवास. देवगिरी तुम्हीही बघितला असेल, पण एकदा मान वर करून, सायकलच्या वेगानं बघा. बाल्कनीतल्या हुकाला आता काही टांगत नाही. टॉवेलांसाठी दोरी बांधली.

सोमवारी सकाळी दूध उतू जाताना दिसलं म्हणून धावले. पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, गॅस बंद केला आणि मग लक्षात आलं, उजव्या हातात तर चहाची गाळणी होती.